थांबवायचं बटण कुणाच्या हाती?

२५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अवघ्या अठरा मिनिटांच्या एका व्हिडिओचा निकाल लावला. नायजेल विनग्रोव्ह या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा लघुपट, ‘व्हिजन्स ऑफ एक्स्टसी’. विषय सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत तेरेसा. ईश्वरी साक्षात्काराचे अनुभव सांगताना तेरेसा शरीराच्या वेदनेची आणि सुखाची भाषा वापरते. विनग्रोव्हने ती भाषा शब्दशः घेतली, संवाद पूर्ण टाळले आणि केवळ संगीत व प्रतिमा यांच्या आधारे तो अनुभव उघड लैंगिक रूपात पडद्यावर आणला. त्या प्रतिमांमध्ये क्रुसावरचा ख्रिस्तही होता. १९८९ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने या व्हिडिओला प्रमाणपत्र नाकारलं. पडद्यावरचा पुरुष ख्रिस्त नसता तर अडचणच आली नसती, असं मंडळाने स्पष्ट कळवलं. आक्षेप लैंगिकतेवर नव्हता, ईशनिंदेच्या कायद्यावर बोट ठेवलेलं होतं. अपील समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय कायम केला. पुढे युरोपीय मानवाधिकार आयोगाने चौदा विरुद्ध दोन अशा मतांनी विनग्रोव्हची बाजू उचलून धरली. पण अंतिम न्यायालयात तो सात विरुद्ध दोन मतांनी हरला.

या खटल्याचा उल्लेख धर्म आणि अभिव्यक्ती यांच्या वादात नेहमी होतो. पण निकालपत्रात आणखी एक वाद आहे आणि इथे तोच महत्त्वाचा. आयोगाचं म्हणणं असं होतं की हा छोटा प्रायोगिक व्हिडिओ आहे, मोठ्या चित्रपटाइतका प्रेक्षक त्याला मिळणार नाही. शिवाय कॅसेट खोक्यात विकली जाणार, खोक्यावर आत काय आहे याचं वर्णन असणार, म्हणजे जाणूनबुजून घेणारा प्रौढ माणूसच ती पाहणार. न्यायालयाला हे पटलं नाही. व्हिडिओ एकदा बाजारात आला की त्याच्या प्रती काढता येतात, तो उसना देता येतो, भाड्याने देता येतो, निरनिराळ्या घरांत पाहिला जातो आणि अधिकाऱ्यांच्या नजरेतून सहज निसटतो, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणजे प्रश्न चित्रपटात काय आहे इतकाच राहिला नाही. तो कुठे पाहिला जाणार, हाही प्रश्न झाला. आणि ‘घरात’ हे उत्तर चित्रपटाच्या विरोधात गेलं.

घराविषयीची ही भीती ब्रिटनमध्ये आधीपासून होती. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या गल्लीबोळांतल्या दुकानांत, कुठल्याही तपासणीशिवाय, वाटेल त्या कॅसेटी भाड्याने मिळू लागल्या. वृत्तपत्रांनी मोहीम उघडली, सरकारी अभियोक्त्यांच्या यादीवर एकूण बहात्तर चित्रपट चढले, त्यातल्या एकोणचाळीस चित्रपटांवरचे खटले यशस्वी झाले. १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला. या कायद्याने मंडळाला सांगितलं की वर्गीकरण करताना हा व्हिडिओ घरात पाहिला जाण्याची शक्यता विशेष लक्षात घ्या. हा कायदा युरोपीय आयोगाला (मानवाधिकार आयोग नव्हे, ब्रुसेल्सचा कार्यकारी आयोग) रीतसर कळवायचा राहून गेला होता, ही गोष्ट २००९ मध्ये उघडकीस आली आणि २०१० मध्ये तो पुन्हा मंजूर करावा लागला. म्हणजे विनग्रोव्हचा व्हिडिओ ज्या कायद्याखाली अडवला गेला, तो त्या साऱ्या काळात अंमलात आणण्याजोगा नव्हताच. पण तांत्रिक दोष बाजूला ठेवला तरी कायद्यामागची समजूत उरतेच: चित्रपटगृहात तिकीट तपासणारा असतो, शेजारी चार माणसं असतात, दिवे लागतात, घरात यातलं काहीही नाही, म्हणून अस्वस्थ करणारं चित्र घरात जास्त धोकादायक.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. माणसाला मुळापासून हादरवणारे, कथेचा आधार न घेणारे, मुख्य प्रवाहाबाहेर तयार झालेले लघुपट पाहण्यासाठी घर ही सर्वांत योग्य जागा आहे. मात्र त्या घरी येणाऱ्या आवृत्तीमागे संपादकाचं डोकं आणि जबाबदारी हवी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा नुसते श्लोक छापले नाहीत. पाठभेद दिले, प्रस्तावना दिल्या, संहिता कशी ठरवली ते सांगितलं. चांगली डीव्हीडी किंवा ब्लू-रे हेच काम करते. सोबतची पुस्तिका, प्रस्तावना, त्याच दिग्दर्शकाचे इतर लघुपट, मूळ प्रिंट कुठून मिळवली त्याची नोंद, हे सगळं सजावटीसाठी नसतं. चित्रपट समजून घेण्याचं ते साधन असतं. दीड-दोन तासांचा चित्रपट स्वतःचा संदर्भ स्वतः उभा करू शकतो. पंधरा मिनिटांच्या लघुपटाला तेवढी सवड नसते. म्हणून त्याला या साधनाची गरज अधिक.

असे लघुपट आधी राहत कुठे होते, हे पाहिलं तर मुद्दा स्पष्ट होतो. चित्रपटगृहात त्यांना जागा नव्हतीच. न्यूयॉर्कमध्ये आमोस फोगेल आणि त्यांची पत्नी मार्सिया यांनी १९४७ मध्ये ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. फोगेल मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींच्या आगमनानंतर देश सोडून आलेले. न्यूयॉर्क राज्याचा सेन्सॉर सार्वजनिक खेळांना लागू होता, म्हणून त्यांनी सभासदत्वाचा मार्ग काढला. ऐन भरात सोसायटीचे सात हजारांच्या आसपास सभासद होते. आपल्याकडच्या वाचकांना ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. मुंबईतलं १९६८ साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळही वर्गणीदार सभासदांच्याच बळावर उभं राहिलं. फोगेल एका संध्याकाळी शास्त्रीय माहितीपट, कार्टून, अवांगार्द लघुपट आणि समाजचित्रण मुद्दाम एकापाठोपाठ एक लावत आणि प्रेक्षकांच्या हाती छापील टिपणं देत. केनेथ अँगरचा ‘फायरवर्क्स’ आणि जॉर्ज फ्रांज्यूचा ‘ल सां दे बेत’ हे दोन्ही तिथल्या सभासदांनी अशा रीतीने पाहिले. फोगेल आधी संपादक होते आणि मग प्रदर्शक. सोसायटी १९६३ मध्ये बंद पडली. त्यानंतर सोळा मिलिमीटरच्या प्रिंटा न्यूयॉर्क आणि सान फ्रान्सिस्कोच्या दिग्दर्शक-सहकारी संस्थांकडून भाड्याने मिळत, पण त्या मागवायच्या तर प्रोजेक्टर हवा, चालवणारा हवा, हॉल हवा. ही सोय विद्यापीठांकडे होती, सामान्य माणसाकडे नव्हती.

फ्रांज्यूच्या लघुपटाजवळ थोडं थांबायला हवं, कारण अस्वस्थ करणं आणि भडक असणं यातला फरक तो जितका स्वच्छ दाखवतो तितका दुसरा क्वचितच कुणी दाखवतो. १९४९ सालचा हा सुमारे बावीस मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट पॅरिसच्या वेशीवर सुरू होतो. जुन्या बाजारातल्या मोडक्या वस्तू, एकमेकांचा निरोप घेणारं जोडपं, मोकळं माळरान. एका तरुणीचा शांत आवाज निवेदन करतो. मग आपण व्होजिरारच्या कत्तलखान्यात येतो, एक पांढरा घोडा आत आणला जातो, कपाळावर पिस्तूल टेकतं आणि घोडा चारही पाय दुमडून कोसळतो. पुढे ला व्हिलेतमधली गुरं, वासरं, मेंढरं. कामगार काम करता करता गाणं म्हणतात. निवेदन ज्यां पँलव्हे या शास्त्रीय चित्रपटांच्या दिग्दर्शकाने लिहिलेलं, संगीत जोसेफ कोस्माचं. कुठेही मांसाहाराविरुद्ध प्रचार नाही, कामगारांना क्रूर ठरवलेलं नाही. हत्यारांची नावं, कामाचे धोके, काम करताना कुणी पाय गमावला, असल्या कोरड्या तपशिलातूनच भय दाटत जातं. आज व्होजिरारच्या जागी जॉर्ज ब्रासांस उद्यान आहे. ला व्हिलेतचा कत्तलखाना १९७४ मध्ये बंद झाला आणि तिथे मोठं उद्यान व विज्ञाननगरी झाली. म्हणजे शहराने ही जागा डोळ्यांआड केली, आणि तिथे काय चालत होतं याचा ठोस पुरावा या बावीस मिनिटांत उरला.

अमेरिकेतल्या क्रायटेरियन या संस्थेने २००४ मध्ये फ्रांज्यूच्या ‘आइज विदाउट अ फेस’ या १९६० सालच्या भयपटाच्या डीव्हीडीवर हा लघुपट जोडला. वरवर पाहता ही ‘जादा’ भेट. पण त्या भयपटात एक शल्यविशारद आपल्या मुलीसाठी दुसऱ्या मुलींच्या चेहऱ्याची कातडी सोलतो, आणि कॅमेरा त्याच्या हातांकडे ज्या थंडपणाने बघतो तो थंडपणा अकरा वर्षांपूर्वीच्या कत्तलखान्यातून आला आहे, हे दोन्ही एकाच तबकडीवर पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. कुठल्याही चित्रपटगृहाने ही जोडी लावणं अवघड होतं. घरी मात्र आधी माहितीपट पाहायचा की नंतर, मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, हे पाहणारा ठरवतो. संपादकाने फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, आणि तेवढ्याने दोन्हींचा अर्थ बदलला.

स्टॅन ब्रॅकेजचं उदाहरण याहून कठीण आहे. १९७१ मध्ये या अमेरिकन दिग्दर्शकाने पिट्सबर्ग शहरात तीन चित्रपट केले: एक पोलिसांबरोबर फिरून, एक इस्पितळात, आणि तिसरा शवागारात. तिसऱ्याचं नाव ‘दि ॲक्ट ऑफ सीइंग विथ वन्स ओन आइज’. बत्तीस मिनिटं, रंगीत, आणि संपूर्ण नि:शब्द. निवेदन नाही, संगीत नाही, साधा आवाजसुद्धा नाही. समोर खरी शवविच्छेदनं चालू असतात. कॅमेरा कधी डॉक्टरच्या हातावर, कधी टेबलावरच्या पाण्यावर, कधी त्वचेच्या रंगावर रेंगाळतो. हे पाहणं सोपं नाही आणि कुणावर लादू नये. पण जो शेवटपर्यंत पाहतो त्याच्या ध्यानात येतं की पहिल्या काही मिनिटांचा धक्का ओसरल्यावर नजर वेगळ्या रीतीने काम करू लागते. भीतीची जागा लक्ष देणं घेतं. ब्रॅकेजचं मार्च २००३ मध्ये निधन झालं आणि त्याच वर्षी त्याच्या सव्वीस चित्रपटांचा दोन डीव्हीडींचा संग्रह क्रायटेरियनने काढला. त्यात शवागाराच्या या चित्रपटाबरोबर ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ आहे, त्याच्या पहिल्या अपत्याच्या जन्माचं १९५९ सालचं चित्रण, आणि ‘मॉथलाइट’ही आहे, कॅमेरा न वापरता पतंगांचे पंख आणि पानं फिल्मवर चिकटवून केलेला. जन्म, कीटकाचा पारदर्शक पंख आणि उघडलेलं शव यांकडे एकच माणूस एकाच उत्सुकतेने पाहतो आहे, हे या शेजारामुळे समजतं. शवागाराची बत्तीस मिनिटं एकटी, नावाशिवाय, कुठेतरी समोर आली असती तर ती निव्वळ विकृती वाटली असती.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो सेन्सॉरवाल्यांचा नाही, या चित्रपटांवर जीव टाकणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, असे चित्रपट काळोख्या हॉलमध्येच पाहायला हवेत. नि:शब्द चित्रपटात शेजारच्याचा श्वास ऐकू येणं, कुणीतरी उठून जाणं, आपण न उठणं, हा अनुभवाचा भाग आहे. हातात रिमोट आला की धक्का बोथट होतो; माणूस थांबवतो, चहा करून येतो, उरलेलं उद्यावर टाकतो. दिग्दर्शकाने बांधलेला काळ मोडतो. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण हॉलमध्ये बसून राहणाऱ्या प्रत्येकाने बसून राहण्याची निवड केलेली असते, असं मानणं मला धाडसाचं वाटतं. ओळीच्या मध्यावर बसलेला माणूस संकोचाने बसून राहतो. आपण घाबरट ठरू या भीतीनेही बसून राहतो. अशा वेळी पडदा त्याच्यावर सत्ता गाजवतो. घरात ती सत्ता पाहणाऱ्याकडे जाते. थांबवता येत असूनही जो थांबवत नाही, त्याचं पाहणं खऱ्या अर्थाने त्याचं स्वतःचं असतं. ब्रॅकेजच्या चित्रपटाला हवी आहे ती हीच गोष्ट: माणसाने आपणहून डोळे उघडे ठेवणं. हॉल ते करवून घेतो. घर ते मागतं. मागण्याला मी अधिक प्रतिष्ठा देईन.

आक्षेपाचा दुसरा भाग तंत्राचा आहे आणि तिथे मात्र घराची बाजू बराच काळ लंगडी होती. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो. अमेरिकेतली टीव्ही पद्धत त्याहून जास्त गतीची, म्हणून डीव्हीडी दाखवताना काही चौकटी दुप्पट करून, अर्ध्या अर्ध्या सांधून मेळ घालावा लागे. कथापटात हे डोळ्याला जाणवत नाही. पण ज्या चित्रपटात प्रत्येक चौकट वेगळी रंगवलेली आहे, तिथे चित्र थांबवलं की दोन चौकटींची खिचडी समोर येऊ शकते, जी दिग्दर्शकाने कधी केलीच नव्हती. युरोपची पद्धत सेकंदाला पंचवीस चौकटींची. तिथे चौकटी जशाच्या तशा राहतात, फक्त सगळं सुमारे चार टक्के अधिक वेगाने पळतं. शिवाय डीव्हीडीत माहिती मावावी म्हणून ती दाबली जाते, आणि फिल्मचा दाणा, ओरखडे, धूळ यांची सतत बदलणारी पोत नेमकी या दाबण्यात हरवते. ब्लू-रेवर मूळ चोवीस चौकटींची गती ठेवता आली आणि बरीच पोत परत मिळाली; २०१० मध्ये ब्रॅकेजचा दुसरा खंड आला तेव्हा पहिल्यासह सारे चित्रपट त्या रूपातही आले. प्रोजेक्टरच्या प्रकाशाची बरोबरी त्यानेही होत नाही. पण चौकट न् चौकट थांबवून पाहण्याची मुभा हॉलमध्ये कधीच नव्हती, आणि या चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्याला तिचं मोल फार आहे.

ऑस्ट्रियाच्या कुर्ट क्रेनच्या बाबतीत तर हे तंत्रच अर्थ ठरवतं. १९६०च्या दशकात व्हिएन्नात ओटो म्यूल, ग्युंटर ब्रुस आणि त्यांचे सहकारी शरीर, अन्न, रंग, रक्त आणि मलमूत्र वापरून हिंसक वाटणारे प्रयोग करत. क्रेनने त्यांच्या काही प्रयोगांचं चित्रण केलं, पण ते सरळ दाखवलं नाही. कागदावर आधी चौकटींचं गणित मांडून त्याने दृश्यांचे एक-दोन चौकटींचे तुकडे केले आणि ते पुन्हापुन्हा गुंफले. ‘मामा उंड पापा’ या १९६४ च्या चार मिनिटांच्या चित्रपटात प्रयोग कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे कळतच नाही. डोळ्यांवर ठोके पडत राहतात. प्रयोग म्यूलचा, चित्रपट मात्र पूर्णपणे क्रेनचा. व्हिएन्नातल्या ‘इंडेक्स’ या २००४ साली सुरू झालेल्या मालिकेने क्रेनच्या या कृतिपटांची स्वतंत्र डीव्हीडी काढली, जर्मन आणि इंग्रजी पुस्तिकेसह. चौकट थांबवून पाहिलं की क्रेनची मांडणी उलगडते, आणि आपण ज्याने हादरलो ते दृश्य होतं की त्या दृश्याची लय, हा प्रश्न स्वतःला विचारता येतो.

याच ठिकाणी संपादकाची जबाबदारी सर्वांत जड होते. म्यूलने पुढे एक कम्यून चालवलं आणि १९९१ मध्ये अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. हे कळल्यानंतर त्याच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांतली ‘मुक्ती’ पहिल्यासारखी वाचता येत नाही. मग असे चित्रपट काढूच नयेत का? माझ्या मते काढावेत, पण ही माहिती पुस्तिकेच्या कोपऱ्यात लपवू नये. एखाद्या चळवळीचा पुरावा नष्ट केल्याने तिचे बळी सुरक्षित होत नाहीत. उलट, मर्यादा मोडण्याच्या घोषणा कुणाच्या सत्तेसाठी वापरल्या गेल्या हे पाहायची सोय जाते. ब्रॅकेजच्या शवागारातल्या मृतांची मात्र गोष्ट वेगळी. त्यांना कुणी विचारलेलं नाही, विचारता येणारही नव्हतं. चित्रपटगृहातल्या शंभर माणसांपुढे त्यांचं शरीर येणं आणि हजारो घरांत त्याची कायमची प्रत असणं यात फरक आहे. हा आक्षेप पूर्ण निकालात काढता येईल असं मला वाटत नाही. आवृत्तीने तो मांडावा आणि पाहणाऱ्याने तो मनात धरून पाहावं, इतकंच म्हणता येतं.

संदर्भाच्या चौकटीने चित्रपट किती बदलतो याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला पुरावा बेल्जियमच्या ओलिव्हिए स्मोल्डर्सच्या ‘आदोरासियों’ या लघुपटात मिळतो. पंधरा मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. १९८१ मध्ये पॅरिसमध्ये एका जपानी विद्यार्थ्याने सोबत शिकणाऱ्या तरुणीचा खून करून तिचं मांस खाल्लं होतं; त्या घटनेवर तो आधारलेला आहे. स्थिर कॅमेरा, जवळजवळ कर्मकांडासारखी शिस्त, आणि आपल्या कृत्याचं स्वतःच चित्रण करणारा माणूस. कल्ट एपिक्स या अमेरिकन वितरकाने हा लघुपट एकदा ‘सिनेमा ऑफ डेथ’ नावाच्या संग्रहात घातला. तिथे त्याच्या शेजारी आहे ‘पिग’, निको बी आणि संगीतकार रॉझ विल्यम्स यांचा छळाचं दु:स्वप्न मांडणारा लघुपट, आणि शवविच्छेदनाची दृश्यं असलेला ‘ल पोएम’. त्याच वितरकाने स्मोल्डर्सच्या दहा लघुपटांचा ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ हा वेगळा संग्रहही काढला आणि त्यातही ‘आदोरासियों’ आहे. पण इथे शेजार वेगळा. मनोरुग्ण मुलांच्या एकटेपणावरचा ‘सल’, चित्रकार अंत्वान व्हिएर्त्झवरचा लघुपट, आणि घरगुती फिल्म व मृत्यू यांच्यावर विचार करणारा ‘मॉर आ व्हिन्योल’.

पहिल्या संग्रहात तो चित्रपट मृत्यूच्या प्रदर्शनातली एक वस्तू आहे. पाहणारा ‘हा किती भयंकर?’ या मोजमापाने त्याच्याकडे जातो, आणि खरी घटना, मारली गेलेली मुलगी, मागे पडते. दुसऱ्यात तोच चित्रपट एका माणसाच्या अनेक वर्षांच्या शोधातला टप्पा आहे: कॅमेरा समोरच्याला वस्तू कसं बनवतो, आणि आपण त्या वस्तूकरणात भागीदार कसे होतो, हा तो शोध. चित्रपटाची एकही चौकट बदललेली नाही. त्या खुन्याला वेडा ठरवून मायदेशी पाठवण्यात आलं, तो मोकळा झाला आणि तिथे त्याला प्रसिद्धीही मिळाली. म्हणून त्याच्या कृत्यावरची कलाकृती धक्क्याच्या बाजारात विकली जाणं ही नुसती अभिरुचीची गोष्ट राहत नाही. पहिला संग्रह नसता तर अनेकांना हा लघुपट पाहायलाच मिळाला नसता, हे मला मान्य आहे. तरी नाव देताना, शेजार ठरवताना संपादकाने एक अर्थ निवडला होता आणि तो अर्थ चित्रपटापेक्षा छोटा होता.

यातून पुढचा आक्षेप निघतो: हा सगळा शेवटी संग्राहकांचा बाजार आहे, ‘बंदी घातलेला’ हा शिक्काच विक्रीचं साधन आहे. हे खोटं नाही. पण बाजार सुटत नाही म्हणून संपादन निरर्थक ठरत नाही. फ्रेंच लेखक ज्यां जनेचा ‘अं शां दामूर’ हा १९५० सालचा तुरुंगावरचा लघुपट घ्या. कॅलिफोर्नियात तो अश्लील ठरला आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय राखला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो घरोघरी आणला तेव्हा विक्रीला ही कुप्रसिद्धी उपयोगी पडली असणारच. पण पाहणाऱ्याला मिळतात त्या दोन कोठड्यांमधल्या भिंतीच्या भोकातून जाणारा धूर आणि दोन माणसांची भूक.

आता पुन्हा स्ट्रासबर्गच्या भीतीकडे येऊ: मुलांच्या हाती पडलं तर? नियंत्रणातून निसटलं तर? याचं उत्तर शोधताना एका भारतीय निकालाची मदत होते, आणि तो निकालही लघुपटाचाच आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. सेन्सॉरने अडवणूक केली, अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वतपासणी वैध ठरवली, चलच्चित्राचा मनावर होणारा परिणाम इतर कलांपेक्षा खोल असतो हेही मान्य केलं. पण त्याच वेळी बजावलं की समाजातल्या सर्वांत दुबळ्या किंवा विकृत माणसाच्या रक्षणासाठी निरोगी माणसाने काय पाहायचं हे ठरू नये. स्ट्रासबर्गच्या बहुमताला हे बजावणं उपयोगी पडलं असतं. मुलांपासून दूर ठेवायच्या अनेक गोष्टी घरात असतात, औषधं असतात, धारदार हत्यारं असतात. त्यासाठी वयाचं बंधन, खोक्यावरचं वर्णन आणि पालकांची जबाबदारी आहे. प्रती निघण्याचं म्हणाल तर बंदी घातलेल्या चित्रपटाच्याच बेकायदा प्रती जास्त फिरतात. व्हीएचएसवरून व्हीएचएसवर उतरवताना प्रत्येक पिढीत चित्र पुसट होत जाई आणि पुस्तिका तर पहिल्याच प्रतीला गळून पडे. नियंत्रणातून निसटतो तो संदर्भ गमावलेला तुकडा. रीतसर काढलेली आवृत्ती नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ साली ईशनिंदेचा गुन्हाच रद्द झाला आणि २०१२ मध्ये ‘व्हिजन्स ऑफ एक्स्टसी’ एकही कात्री न लावता प्रौढांसाठी मंजूर झाला. तेवीस वर्षांत चित्रपटात काहीच बदललं नव्हतं.

खरा धोका आता दुसरीकडून येतो आहे. तबकड्यांचा खप घटला आहे, हक्कांचे करार संपतात, छोट्या संस्थांचे संग्रह छापणं बंद होतं, आणि लघुपट इंटरनेटवर सुटा फिरतो: मागचा-पुढचा चित्रपट नाही, पुस्तिका नाही, दिग्दर्शकाचं नावही कधीकधी नाही. एक संपला की दुसरं काहीतरी आपोआप सुरू होतं. थांबवायचं बटण अजून हातात आहे, पण काय सुरू होणार हे ठरवणारा संपादक तिथे नाही. म्हणून या आवृत्त्या पुस्तकांसारख्या जपायला हव्यात, तबकडी आणि कागद दोन्ही मिळून. फ्रान्समध्ये १९७५ पासून व्हिडिओची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणं कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याने चित्रपट त्यातून वगळले आहेत. भारताचा १९५४ चा ग्रंथ-वितरण कायदा पुस्तकं आणि वृत्तपत्रं मागतो. तबकडी आणि तिच्यासोबत छापलेली चाळीस पानं त्याच्या कक्षेत एकत्र येत नाहीत.